तात्यांचं नेहमीचं तेल

तेलाचा एक डबा निवडायला प्रस्तुत लेखकाला सव्वीस दिवस लागले. त्याचं लग्न याहून कमी दिवसांत ठरलं होतं, आणि तेव्हा सल्ला द्यायला माणसंही कमी होती.

डबा गिअर ऑइलचा होता. ते ज्याच्या पोटात जायचं तो ट्रॅक्टर 1963 सालचा, लाल-करड्या रंगाचा मॅसी फर्ग्युसन 35. कोरेगाव तालुक्यातल्या वडिलोपार्जित घराच्या मागे, गोठ्यात, तो बारा वर्षं एका जागी उभा होता. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, जाताना शेत मुलाच्या नावे केलं, विहीर सामाईक ठेवली आणि ट्रॅक्टर मात्र पुण्यात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या पुतण्याला दिला. हा पुतण्या म्हणजेच प्रस्तुत लेखक. असं का केलं, हे मृत्युपत्रात लिहिलेलं नव्हतं. सौभाग्यवतींना मात्र त्यात काही कोडं वाटलं नाही. "लहानपणी तुम्ही त्यांची सायकल विहिरीत पाडली होतीत," त्या म्हणाल्या, "माणसं विसरत नाहीत."

तात्यांचं आणि या ट्रॅक्टरचं नातं नावापासून होतं. त्यांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकायचं होतं. वडिलांनी, म्हणजे लेखकाच्या आजोबांनी, फीचा आकडा ऐकला आणि शेतीचं महत्त्व समजावून सांगितलं. पुढे 1960 मध्ये मद्रासला टॅफे कंपनी निघाली, तिथून मॅसीचे ट्रॅक्टर देशभर जाऊ लागले आणि तीन वर्षांनी त्यातला एक तात्यांच्या दारात आला. तेव्हापासून कोणी शिक्षणाचं विचारलं की तात्या सांगत, "फर्ग्युसनला होतो. चाळीस वर्षं." कॉलेजचे फर्ग्युसन वेगळे, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स. ट्रॅक्टरचा फर्ग्युसन आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, हॅरी. कॉलेज निघालं 1885 मध्ये, हॅरी जन्मला 1884 मध्ये. एका वर्षाच्या फरकाने हुकलेली ही सोयरीक तात्यांनी परस्पर जुळवून टाकली होती.

हॅरी फर्ग्युसन हा तात्यांचा आदर्श पुरुष. 1909 च्या अखेरच्या दिवशी स्वतः बांधलेलं विमान त्याने आयर्लंडमध्ये उडवलं. पुढे नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता न ओढता तीन दांड्यांवर जोडून तेलाच्या दाबाने उचलायचा, ही युक्ती त्याने काढली, आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर तसाच नांगर उचलतो. 1938 मध्ये त्याने थेट हेन्री फोर्डशी भागीदारी केली ती निव्वळ हस्तांदोलनावर. ती फिसकटली, खटला उभा राहिला, आणि 1952 मध्ये फोर्ड कंपनीने साडेब्याण्णव लाख डॉलर मोजून तो मिटवला. ही गोष्ट तात्या भावकीच्या प्रत्येक बैठकीत सांगत आणि शेवटी म्हणत, "सातबाऱ्यावर नोंद असती तर?"

तर असा हा खानदानी ट्रॅक्टर. याच्या थोरल्या भावंडांवर, लहान फर्ग्युसनांवर बसून एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला होता. मोटारगाडीने जमिनीवरून तिथे पोचणारे ते पहिलेच. प्रस्तुत लेखकाची महत्त्वाकांक्षा त्या मानाने माफक होती. खंडेनवमीला गावात सगळ्यांचे ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे राहतात. त्यात हाही उभा राहावा, आणि जमलंच तर गोठ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत स्वतःच्या पायावर यावा. अंतर दोनशे पावलं.

इंजिन मिस्त्रीने चार दिवसांत बोलतं केलं. "आता गिअरचं तेल तेवढं बदला," तो म्हणाला, "मग झालं."

'तेवढं' हा मराठीतला अत्यंत धोकादायक शब्द आहे.

सवयीप्रमाणे लेखकाने आधी कागदपत्रं तपासली. पत्र्याच्या पेटीत कंपनीची पुस्तिका सापडली. तीत तेलाचा तक्ता होता, आणि कुठल्या कंपनीचं कुठलं तेल घालावं तेही नावानिशी होतं: बर्मा-शेल, एस्सो, कॅलटेक्स. एस्सोचं 1974 मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, 1976 मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली ती आजची भारत पेट्रोलियम, आणि कॅलटेक्सही पाठोपाठ हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विरून गेली. म्हणजे तक्त्यातली तिन्ही स्थळं सासरी जाऊन नाव बदलून बसलेली. ज्या पानावर तेलाचा नंबर असावा त्या पानाचा कोपरा उंदराने खाल्ला होता. उंदराने इतर पानांना तोंडही लावलं नव्हतं.

दुसरा पुरावा तात्यांच्या डायऱ्यांचा. तात्या नोंदींच्या बाबतीत काटेकोर. कोणत्या दिवशी किती पाऊस, कोणत्या म्हशीने किती दूध, कोणत्या पाव्हण्याने किती चहा. लेखक तीन रात्री जागून एकोणीस डायऱ्या वाचत बसला. गिअर तेलाचा उल्लेख अकरा ठिकाणी मिळाला आणि अकराही ठिकाणी वाक्य एकच होतं: 'ट्रॅक्टरचे गिअर तेल बदलले. नेहमीचे.'

यानंतर माणसांना विचारण्यावाचून इलाज नव्हता.

मिस्त्रीने जुन्या तेलात करंगळी बुडवली, अंगठ्याला लावली आणि दोन्ही बोटं हळूच लांब नेली. "बघा सायेब, तार. एकतारी हाय. आपल्याला पायजे दोनतारी. एकशेचाळीस नंबर टाका. गळती बी कमी, आवाज बी कमी." जिलबीच्या पाकाच्या हिशेबाने गिअर बॉक्स चालवता येईल हे लेखकाला नवीन होतं; पण मिस्त्रीच्या हातून तालुक्यातले निम्मे ट्रॅक्टर गेले होते, आणि जिलब्याही तो चांगल्या करत असावा.

पारावर बसलेले एसटीतून निवृत्त झालेले चालक म्हणाले, "एकशेचाळीस? काकवी ओताल का गिअरात? नव्वद नंबर. आम्ही उभा जन्म नव्वदवर काढला." त्यांच्या शेजारच्यांनी चाळीस नंबरचं इंजिन ऑइल सुचवलं, कारण त्यांच्या घरी ते शिल्लक होतं. तिसऱ्याने गुपित सांगावं तसं जवळ येऊन सांगितलं की तेलात लाकडाचा भुसा टाकला तर गिअरचा आवाज अजिबात येत नाही. त्याने स्वतः असाच एक ट्रॅक्टर विकला होता. कोणाला विकला ते विचारल्यावर तो उठून गेला.

चाळीस की नव्वद हा वाद पारावर दोन दिवस चालला. नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीहून जाड, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, आणि तेवढी एकच गोष्ट चुकीची होती. इंजिन तेलाचे नंबर आणि गिअर तेलाचे नंबर या दोन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. शंभर अंश तापमानाला तेल किती सरसर वाहतं ते सेंटीस्टोकमध्ये मोजतात. त्यात नव्वद नंबरचं गिअर तेल साडेतेरा ते साडेअठराच्या मध्ये बसतं, चाळीस नंबरचं इंजिन तेल साडेबारा ते सोळाच्या थोडं वर, आणि पन्नास नंबरचं तिथून पुढे बावीसच्या जरा अलीकडे. म्हणजे नव्वद काय अन् चाळीस-पन्नास काय, ही एकाच उंचीची भावंडं. नऊ नंबरची चप्पल आणि चाळीस नंबरचा शर्ट एकच माणूस घालतो, तसंच हे. लेखकाने हे पारावर समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर एसटीवाले म्हणाले, "बरोबर. म्हणूनच नव्वद."

हे सगळं ज्ञान लेखकाचं नव्हतं. ते त्याच्या मेहुण्यांचं. मेहुणे तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना विषय मिळाल्याचा आनंद इतका झाला की ते दिवसाला तीनदा फोन करू लागले. "आधी हे सांग," त्यांनी विचारलं, "तुझ्या ट्रॅक्टरला लिफ्टचं तेल वेगळं आहे की गिअरचंच?" लेखकाने मिस्त्रीला विचारून कळवलं की एकच. मेहुण्यांनी फोनवर सुस्कारा सोडला.

फर्ग्युसनच्या या यंत्रात गिअर, मागचा ॲक्सल आणि नांगर उचलणारी लिफ्ट अशा तिघांची चूल एकच. लिफ्टचा पंप त्याच तेलात बुडून असतो. तेल घट्ट घातलं तर गिअर खूश, पण गारठ्याच्या सकाळी पंपाला काकवी ओढायची पाळी आणि नांगर उचलायला घटकाभर. पातळ घातलं तर लिफ्ट चपळ, पण दातांवर तेलाचा थर टिकत नाही. सासू, सून आणि नणंद यांना एकाच पातेल्यातली आमटी आवडली पाहिजे, अशी ती अडचण होती. मिस्त्रीचं दोनतारी तेल त्यामुळे बाद झालं. तसं त्याला सांगताच त्याने दोन दिवस बोलणं टाकलं.

मग चुलतभावाचा मुलगा पुढे आला. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नवा कोरा. "काका, डोकं कशाला खाजवताय? माझ्या ट्रॅक्टरला जे टाकतो तेच टाका. गिअर, लिफ्ट, ब्रेक, सगळ्याला एकच." त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. साधं गिअर तेल घातलं तर ते कचकच करतात, म्हणून त्यांच्यासाठी खास सर्वकामी तेल निघालं, ते जुन्यांनाही चालतं. पण तात्यांच्या मॅसीचे ब्रेक कोरडे, ड्रमचे. उलट ॲक्सलच्या जुन्या सीलमधून तेल पाझरून त्यांच्यात शिरलं की ते लागायचेच बंद होतात. लेखकाने हे सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "मग ब्रेक लागतात का सध्या?" ट्रॅक्टर बारा वर्षं जागचा हललाच नव्हता, त्यामुळे ब्रेकबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

शेवटी लेखक साताऱ्याला एका दुकानात गेला. दुकानात तेलाचे डबे छतापर्यंत रचलेले.

"गिअर ऑइल आहे?"

"कुठलं देऊ? ऐंशी वॅट नव्वद, पंच्याऐंशी वॅट एकशेचाळीस..."

डब्यावरचा 'डब्ल्यू' हा हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचा. गारठ्यात तेल किती वाहतं तो पहिला आकडा, तापल्यावर किती घट्ट राहतं तो दुसरा. हे लेखक मेहुण्यांकडून पाठ करून आला होता, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास पाहून त्याने वॅट मान्य केले. विजेचं बिल वाढणार नसल्याशी कारण.

"आणि हे जीएल-4 की जीएल-5?" त्याने विचारलं.

"साहेब, पाच घ्या. लेटेस्ट."

"चार आणि पाचमध्ये फरक काय?"

दुकानदाराने लेखकाकडे दयेने पाहिलं. "पाच मोठा असतो," तो म्हणाला.

या एका वाक्यावर सगळा बाजार उभा आहे. फोनच्या कॅमेऱ्यापासून चहाच्या कपापर्यंत मोठा आकडा म्हणजे चांगला माल, ही समजूत माणसाच्या रक्तात असते. प्रस्तुत लेखकाने बँकेत चाळीस वर्षं लोकांना ठेवींचा व्याजदर याच पद्धतीने समजावला होता. तो पाच घेऊन घरी आला, आणि सायंकाळच्या फोनवर मेहुणे किंचाळले.

जीएल-5 मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं चारच्या जवळजवळ दुप्पट. ती मुळात हायपॉइड गिअरांसाठी. 1926 मध्ये पॅकार्ड मोटारींनी मागच्या ॲक्सलमधला छोटा गिअर मोठ्याच्या मध्यरेषेवरून खाली सरकवला. त्याने गाडीची जमीन खाली आली, आवाज कमी झाला, पण दात एकमेकांवर गडगडत जायच्या ऐवजी घासत घसरू लागले, भरलेल्या एसटीत मधून वाट काढणाऱ्या कंडक्टरसारखे. एवढ्या घासाघाशीत साधं तेल पिळून निघतं. तिथे गंधक लोखंडावर स्वतःचा पापुद्रा धरतं आणि धातू वाचतो. पण तेच तीव्र गंधक तापलं की पितळ, काशासारख्या पिवळ्या धातूंना खाऊ लागतं, आणि जुन्या यंत्रांच्या पोटात अशा धातूंच्या बुशी आणि वॉशर ठिकठिकाणी. "तुझ्या मॅसीत हायपॉइड गिअर नाहीतच," मेहुणे म्हणाले. "सर्दीला अँजिओप्लास्टी करायला निघालास तू."

"पण डबा आणलाय."

"सगळीच जीएल-5 वाईट नसतात. हल्लीची बरीच तांब्याला जपून असतात. आमच्याकडे चाचणी असते. चकचकीत तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास बुडवायची आणि मग रंगाचा तक्ता घेऊन बघायचं, किती काळी पडली ते."

हे सांगायला नको होतं.

सौभाग्यवती भिशीला गेल्या होत्या. पुण्याच्या घरात तांब्याची पट्टी नव्हती. तांब्याची पळी होती. देवघरातली, संध्येची, आजोबांच्या वेळची, आणि तिच्याइतकी चकचकीत वस्तू घरात दुसरी नाही. लेखकाने जुन्या पातेल्यात जीएल-5 तेल ओतलं, पळी सोडली आणि गॅस मंद केला. तापमापक एकच होता, तापाचा, आणि तो बेचाळीस अंशांना संपत होता. तेव्हा अंदाजच. शास्त्रशुद्धतेसाठी शेजारच्या शेगडीवर दुसऱ्या पातेल्यात थोडं जीएल-4 ठेवलं, त्यात पंचपात्र.

गिअर तेलाला मुळातच सडक्या अंड्यांचा वास असतो. ते तापल्यावर वास वरच्या मजल्यांवर गेला. आणि इथे रसायनशास्त्राने घात केला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि मर्कॅप्टन हेही गंधकाच्याच घराण्यातलं. पाचव्या मिनिटाला चौथ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, सातव्याला वॉचमनने इमारतीचा वीजप्रवाह बंद केला, आणि दहाव्याला लेखक पातेल्यावर ताट झाकून दारात उभा होता आणि जिन्यावर जमलेल्या सव्वीस माणसांना सांगत होता की गॅस गळत नाहीये, फक्त पळी शिजते आहे.

सौभाग्यवती वर आल्या तेव्हा पळी कोळशासारखी झाली होती. "अहो, ती संध्येची पळी आहे!"

"जीएल-4 मध्ये ठेवलेलं पंचपात्र बघ," लेखक म्हणाला, "ते तरी..."

पंचपात्रही काळंच होतं. आच जरा जास्त झाली होती. प्रयोगाचा निष्कर्ष एवढाच निघाला की दोन्ही तेलं चिंचेने निघत नाहीत. रात्री मेहुण्यांनी विचारलं, "तापमान किती ठेवलं होतंस?" लेखकाने सांगितलं, "सौभाग्यवती येईपर्यंत."

जीएल-5 चा डबा परत करायला लेखक साताऱ्याला गेला. फोडलेला डबा दुकानदार घेईना. त्याच्याकडे जीएल-4, ऐंशी वॅट नव्वदची वीस लिटरची बादली होती, नेमकी एकच. आणि खरं सांगायचं तर सव्वीस दिवसांच्या संशोधनाचा निकाल तिथे लागला. मेहुण्यांचा त्याला पाठिंबा होता, एसटीवाल्यांना त्यात नव्वद दिसत होतं, पुतण्याला त्यात नवीन डबा दिसत होता, आणि दुकानदाराकडे तीच होती. असं चौघांचं एकमत आमच्या सोसायटीच्या सभेतही कधी झालेलं नाही.

किती घ्यायचं, हे पुस्तिकेत शाबूत होतं. सातेक गॅलन. लेखकाने फोनवर गॅलनचे लिटर काढले: एका गॅलनला 3.785. साडेसव्वीस लिटर. वीसची बादली, पाचचा कॅन, सुटं दीड लिटर. हा अमेरिकन गॅलन होता. तात्यांच्या पुस्तिकेतला गॅलन इंग्रजी, 4.546 लिटरचा. 1962 पासून वजनमापं पूर्णपणे मेट्रिक झालेल्या देशात इंग्रजी गॅलन हा फक्त जुन्या पुस्तिकांच्या पोटात लपून राहिलेला क्रांतिकारक आहे. त्याने लेखकाला सव्वापाच लिटरने फसवलं. पण हे कळायला वेळ होता.

तेल सोडायच्या दिवशी गोठ्यापुढे गर्दी होती. प्लग उघडला आणि काळं तेल पडण्याऐवजी दुधाळ, करडं काहीतरी घळघळ बाहेर आलं. "ताक!" कोणीतरी म्हणालं. पावसाळ्यात गोठ्याच्या पत्र्यातून गळलेलं पाणी गिअरच्या दांड्यावाटे आत जाऊन तेलाशी एकजीव झालं होतं. मिस्त्रीने पुन्हा करंगळी बुडवली, पण यावेळी तार काढली नाही.

गर्दीतले माळकरी शेजारी दोन पावलं मागे सरकले. त्यांना लेखकाने सकाळीच, ज्ञानाच्या भरात, एक गोष्ट सांगितली होती: पूर्वी गिअर तेलांत दात वाचवायला देवमाशाचं तेल गंधकाशी संस्कार करून घालत, 1970 च्या सुमारास अमेरिकेने त्या देवमाशाला संरक्षण दिलं, बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी वाट शोधावी लागली. "मंजे तात्यांचा ट्रॅक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "खात होता?" तात्या स्वतः पंढरीचे वारकरी. लेखकाने खात्रीने नाही म्हणून सांगितलं, पण शेजाऱ्यांनी तेल पायाला लागू दिलं नाही.

बाकी गावाला मात्र ते हवंच होतं. जुन्या तेलाची एवढी किंमत लेखकाला ठाऊक नव्हती. गोठ्याच्या मेढींना, चौकटींना, कुंपणाच्या डांबांना जळकं ऑइल फासलं की वाळवी लागत नाही, ही इकडची पक्की श्रद्धा. कॅन, घागरी, दुधाच्या किटल्या घेऊन माणसं रांगेत. "पाणी आहे हो त्यात," लेखक म्हणाला. "असू द्या," एक आजीबाई म्हणाल्या, "आमच्या दुधातबी असतंय." नवीन तेल निवडायला सव्वीस दिवस लागले; जुनं सव्वीस मिनिटांत गावात वाटलं गेलं.

प्लग बंद करून लेखकाने स्वतःच्या हाताने, नरसाळ्यातून, साडेसव्वीस लिटर आत सोडलं. दट्ट्याची काडी पुसून आत घालून बाहेर काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला. लेखकाने मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात मिस्त्री ट्रॅक्टरखालून म्हणाला, "सायेब, मागचा प्लग कुणी उघडला का?"

मागे आणखी एक प्लग होता. तो उघडलाच नव्हता. म्हणजे मागच्या भागात पाचेक लिटर ताक अजून होतंच आणि कमी पडलेल्या सव्वापाच लिटरची जागा त्याने गुपचूप भरून काढली होती. चुकीचा गॅलन आणि विसरलेला प्लग यांनी मिळून एकमेकांचे गुन्हे असे झाकले की हिशेब तंतोतंत जुळला. बँकेतल्या चाळीस वर्षांत लेखकाने असे ताळेबंद पाहिले होते, पण त्यावर सही करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मिस्त्रीने सही करू दिली नाही. सगळं परत सोडलं. आजीबाई पुन्हा किटली घेऊन आल्या. साताऱ्याच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी लेखकाला लांबूनच ओळखलं. बादली आता दुसऱ्या गावाहून मागवावी लागणार होती. ती खंडेनवमीच्या आदल्या रात्री आली.

सकाळी ट्रॅक्टरला झेंडूचा हार, पुढच्या चाकांखाली लिंबं. काळी पळी घासून तांबूस झाली होती, तिनेच पाणी शिंपडलं. इंजिन धडधडलं. लिफ्टचा दांडा वर केला तशी मागची दोन लांब बोटं सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याने हात जोडावेत तशी, वर आली. पारावर टाळ्या पडल्या. मिस्त्री म्हणाला, "दोनतारी असतं तर अजून रुबाबात आली असती." लेखक फर्ग्युसनला बसला, लिंबं चिरडली आणि दोनशे पावलांपैकी एकशे नव्वद गेल्यावर ब्रेक दाबला. पुतण्याच्या शंकेचं उत्तर तिथे मिळालं. देवळाच्या पायरीने ट्रॅक्टर थांबवला. पायरीला काही झालं नाही. ती शिवकालीन आहे.

पुण्याला परतण्याआधी लेखकाने पुढच्या पिढीसाठी एक काम चोख केलं. नव्या डायरीच्या पहिल्या पानावर तेलाचा प्रकार, नंबर, जीएल किती आणि का, इंग्रजी गॅलन, दोन्ही प्लगांच्या जागा, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि डायरी ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ठेवली.

डिसेंबरात, संध्याकाळच्या गर्दीत, तो पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर सिग्नलला स्कूटरवर उभा असताना पुतण्याचा फोन आला.

"काका, सीलमधून थोडं तेल गेलंय. लिटरभर टाकावं लागेल. कुठलं टाकू?"

"अरे, हत्यारपेटीत डायरी आहे ना!"

"आहे. पेटीत तेलाची बाटली कलंडली होती. पान तेलात भिजून आरपार झालंय. अक्षर दोन्ही बाजूंनी दिसतं, पण एकाही बाजूनं वाचता येत नाही."

लेखकाने सांगायला तोंड उघडलं. ऐंशी, डब्ल्यू म्हणजे वॅट नव्हे, जीएल-4, पाच मोठा असला तरी पाच नाही, तांबं, गंधक, देवमासा... सिग्नल हिरवा झाला. मागच्या बसने हॉर्न दिला, रिक्षावाल्याने कुळाचा उद्धार केला.

"अरे, नेहमीचंच टाक!" लेखक ओरडला आणि फोन खिशात घातला.